‘गोळी मानवत नाही’ इथनं फार्माकोजेनॉमिक्सपर्यंत: सीमाभागातल्या मेडिकलमागची जुनी गोष्ट

दुकानात बसलो की रोज दोन-चार जणांकडून तरी ऐकायला मिळतं, "ती गोळी मला मानवत नाही हो, दुसरी द्या." कुणाला बाधते, कुणाला गरम पडते, कुणाच्या डोक्यात चढते, आणि त्याच्याच शेजाऱ्याला तीच गोळी एका दिवसात गुण देते. कन्नड बोलणारं गिऱ्हाईक असलं तर तेच "आगि बरंगिल्ल" म्हणतं. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणून आपण सोडून देतो. आता सेमिनारला गेलं की याच गोष्टीला फार्माकोजेनॉमिक्स म्हणतात, म्हणजे माणसाच्या जीन्स बघून कुणाला कुठलं औषध मानवेल ते ठरवणं, प्रिसिजन मेडिसिन म्हणतात, आणि शेवटी प्रश्न येतो तो गल्लीतला फार्मासिस्ट यासाठी तयार आहे का. मी बेळगावातच शिकलोय आणि खानापूरकडं मेडिकलमध्ये बसतो, म्हणजे हा प्रश्न माझ्याबद्दलच चाललेला असतो. पण उत्तर द्यायच्या आधी हे सगळं आलं कुठनं ते बघू, कारण ही गोष्ट जीन वाचायच्या मशीनपासनं सुरूच होत नाही. गोळी दिल्यावर पेशंटला काय झालं ते कुणीतरी लिहून ठेवलं, तिथनं ती सुरू होते.

अगदी मागं जायचं तर १९०२ साली लंडनमध्ये आर्चिबाल्ड गॅरॉड नावाच्या डॉक्टरनं काही कुटुंबांत लघवी काळी पडायचा आजार बघितला आणि प्रत्येक माणसाच्या शरीराची केमिस्ट्रीच जन्मतः थोडी वेगळी असते असं मांडलं. औषधाशी त्याचा थेट धागा जुळायला मात्र दुसरं महायुद्ध यावं लागलं. मलेरियाच्या औषधांवर अमेरिकेत जोरात काम सुरू झालं, त्यातली प्रायमाक्विन काहीजणांना दिली की तांबड्या पेशी फुटायच्या, लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद व्हायची, बाकीच्यांना काहीच नाही. हे प्रयोग इलिनॉयमधल्या तुरुंगात कैद्यांवर झाले, त्याबद्दल जे बोलायचं ते वेगळंच बोलावं लागेल. १९५६ मध्ये कारण सापडलं, त्या लोकांत जी६पीडी नावाचं एन्झाइम, म्हणजे शरीरातली केमिस्ट्री चालवणारं प्रथिन, कमी होतं. आजही व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियाला प्रायमाक्विन १४ दिवस देतात, आणि लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच या हे सांगायचं काम गोळी हातात देणाऱ्याचंच असतं.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली आहे आणि ती मला जास्त जवळची वाटते. टीबीवर आयसोनियाझिड १९५२ मध्ये आलं. १९५६ साली मद्रासला टीबीचं केमोथेरपी सेंटर उघडलं आणि तिथं पेशंटना घरी ठेवून औषध द्यायचे ते नावाजलेले प्रयोग झाले. पेशंट वर्षभर नजरेखाली असल्यामुळं एक गोष्ट दिसली, काहींच्या पायाला मुंग्या, जळजळ, चालताना चप्पल पायातनं निसटली तरी कळायचं नाही, आणि हे जास्त करून अशांना व्हायचं ज्यांचं लिव्हर हे औषध सावकाश मोडतं. असं सावकाश मोडणारे म्हणजे स्लो ॲसिटिलेटर, भारतात निम्म्याहून जास्त लोक या गटातले. उपाय काय निघाला, तर सोबत बी-६ ची बारकी गोळी.

आता ही बारकी गोळी आम्ही किती जणांना दिली असेल, आणि किती वेळा "ती ताकदीची आहे, राहिली तरी चालतंय" असं म्हणून पेशंट ती परत करतो! मी पण सुरुवातीला घ्यायचो परत. ती ताकदीची गोळी नव्हे, ती लाखो लोकांच्या जीन्सला दिलेलं उत्तर आहे. कुणाचं लिव्हर सावकाश आहे ते तपासत बसण्यापेक्षा सरळ गोळीच देऊन टाकायची, इतकं साधं. फार्माकोजेनॉमिक्स आमच्या काउंटरवर कधीच येऊन बसलंय, फक्त त्याच्यावर तसलं नाव छापलेलं नाही.

नाव तसं त्याच काळात पडलं. अर्नो मोटुल्स्कीनं १९५७ मध्ये या सगळ्या रिॲक्शनमागं आनुवंशिक कारण आहे हे एका लेखात मांडलं, आणि १९५९ मध्ये जर्मनीच्या फ्रेडरिक फोगेलनं फार्माकोजेनेटिक्स हा शब्द वापरला, फार्माकोजेनॉमिक्सचं हे आधीचं नाव.

मग १९७५ ची गोष्ट. लंडनमध्ये रॉबर्ट स्मिथ नावाचे प्रोफेसर आणि त्यांचे सहकारी डेब्रिसोक्विन ही ब्लडप्रेशरची गोळी स्वतःच घेऊन बघत होते. सगळ्यांनी घेतली, बाकीचे मजेत आणि स्मिथसाहेब आडवे, बीपी धाडकन खाली. गोळी तीच, डोसही थोडाच. त्यांनी ते नशिबावर ढकललं नाही, पाठपुरावा केला, आणि त्यातनं सीवायपी२डी६ या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमची भानगड उघड झाली. कोडीन, ट्रामाडॉल, मेटोप्रोलॉल, रोज विकली जाणारी ही औषधं याच एन्झाइमच्या हातून जातात. कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं, काहींच्यात ते फार झपाट्यानं होतं, म्हणून तर अमेरिकेनं २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या पोरांना कोडीन द्यायचंच नाही असं ठरवलं.

ह्यूमन जीनोमचा, म्हणजे माणसाच्या सगळ्या जीन्स वाचायचा, मोठा गाजावाजा २००० आणि २००३ मध्ये झाला, त्यात मी जात नाही. आमच्या धंद्याच्या दृष्टीनं मोठी वर्षं त्याच्या पुढची. २००४ मध्ये तैवानमधनं कळलं की फिट्सच्या कार्बामाझेपिननं ज्यांची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते त्यांच्यात एचएलए-बी १५:०२ हा जीनचा प्रकार सापडतो. आणि २०१० मध्ये अमेरिकेनं क्लोपिडोग्रेलवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. आमच्याकडं हिला सगळे ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ म्हणतात. ही गोळी पोटात जाते तेव्हा कामाचीच नसते, लिव्हरमधलं सीवायपी२सी१९ तिला कामाची करतं, आणि ज्यांच्यात ते एन्झाइम मंद आहे त्यांना स्टेंट घालून, गोळ्या वेळेवर घेऊनसुद्धा पुरेसा फायदा होत नाही. असल्या मंद प्रकाराचं प्रमाण आपल्या लोकांत युरोपियन लोकांपेक्षा जास्त आहे. वर अजून एक, ॲसिडिटीचं ओमेप्राझोल त्याच एन्झाइमला अडवून बसतं, म्हणजे जीन चांगली असली तरी माणूस गोळीनं मंद होतो. टेस्ट नको, लॅब नको, फक्त दोन्ही औषधं एकाच माणसाच्या पिशवीत आहेत हे दिसायला पाहिजे.

नेदरलँड्सच्या फार्मासिस्टांनी नेमकं हेच ओळखलं. तिथल्या फार्मासिस्टांच्याच संघटनेनं २००५ मध्ये एक गट बसवला, कुठल्या जीनला कुठलं औषध किती द्यायचं ते ठरवलं, आणि हे सल्ले देशभरातल्या मेडिकलच्या कॉम्प्युटरला जोडून टाकले. तिथं पेशंट साधारण एकाच फार्मसीशी बांधलेला असतो, त्याचं जुनं सगळं तिथं असतं, त्यामुळं चुकीची जोडी आली की स्क्रीनच ओरडते. असेच सल्ले काढणारा अमेरिकेतला सीपीआयसी हा गट २००९ चा. २०२३ मध्ये युरोपातल्या सात देशांचा अभ्यास छापून आला, ६,९४४ पेशंट, १२ जीन्स आधीच तपासून औषध दिलं तर त्रासदायक रिॲक्शन सुमारे ३० टक्क्यांनी कमी. पेशंटच्या खिशात त्याच्या जीन्सचा निकाल असलेलं एक कार्ड, बस्स.

आता आमच्याकडची पार्श्वभूमी. जुने लोक सांगतात ते कंपाऊंडर, बाटलीत लाल औषध आणि बाटलीला चिकटवलेली खाचांची कागदी पट्टी, एका वेळी एक खूण. त्या माणसाला गल्लीतल्या प्रत्येक घराचं पोट माहीत असायचं, सुनेला कुठलं औषध मानवत नाही हे सासूच्या आधी त्याला ठाऊक. १९४८ मध्ये फार्मसी ॲक्ट आला, नोंदणी झालेल्या माणसानंच औषध द्यायचं ठरलं, ते बरंच झालं. पण रजिस्टर राज्याराज्याचं. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातनं म्हैसूरकडं गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा मागं राहिला, तो आता कोल्हापुरात. म्हणजे बेळगावात शिकून कर्नाटकात नोंदणी केलेल्याला चंदगडात मेडिकल बघायचं तर महाराष्ट्राच्या कौन्सिलकडं कागद न्यायचे, आणि चंदगडचा पेशंट मात्र कुठलाही कागद न दाखवता बाजाराच्या दिवशी बेळगावला येऊन औषध घेऊन जातो. निपाणी-चिकोडीकडचा माणूस ऑपरेशनला मिरज नाहीतर कोल्हापूर, गोळ्या गावात, आणि रिॲक्शन आली की बेळगाव. फाईल तीन ठिकाणी, कधी तीन भाषांत. राजकारणावर मी बोलत नाही, ते बोलणारे भरपूर आहेत, पण पेशंटची हिस्ट्री दोन राज्यांत फाटून पडलीय याबद्दल कुणी बोलताना ऐकलं नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर बेळगावात कमी नाही. फार्मसी कॉलेजं आहेत, मेडिकल कॉलेजं आहेत, आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे. २००८ मध्ये फार्म डी हा फार्मसीचा वरचा अभ्यासक्रम सुरू झाला, त्यात फार्माकोजेनेटिक्स शिकवतात. पण फार्म डी झालेलं पोर मेडिकलमध्ये बसतंय कुठं, ते हॉस्पिटलात जातं, कंपनीत जातं नाहीतर परदेशात. काउंटरवर डी फार्मवाले, म्हणजे डिप्लोमावाले, आणि काही ठिकाणी तर भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं अन् गोळ्या काढणारा दुसराच, हे आपल्यातले सगळेच जाणतात. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत पेशंटला समजावून सांगणं, त्याचं रेकॉर्ड ठेवणं हे सगळं लिहिलंय. समजावायला वेळ कुणाला आहे, आणि त्याचे पैसे कोण देतंय? गिऱ्हाईक डिस्काउंट विचारतं, सल्ला नाही.

एक रेकॉर्ड मात्र आम्ही खरंच ठेवतो. २०१४ पासनं शेड्यूल एच-१ चं, म्हणजे जपून द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीचं, वेगळं रजिस्टर आहे, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते तीन वर्षं जपायचं. आयसोनियाझिडसुद्धा त्यात येतं. म्हणजे लिहायची सवय लागलीय, वही आहे, पेन दोऱ्यानं बांधलेलं आहे. त्यात फक्त पुढं काय झालं याचा रकाना नाही. रिॲक्शन कळवायला २०१० पासनं देशाचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, टोल फ्री नंबर आहे, मी तो नंबर मेडिकलमध्ये लावलेला क्वचितच बघितलाय. पैसे घ्यायचे क्यूआर कोड मात्र चार चार.

तिकडं जीनोम इंडियावाल्यांनी १०,००० भारतीयांचे जीनोम वाचून जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांना खुला केला, बेंगळुरूच्या आयआयएससीतलं सेंटर त्यात पुढं होतं. आपल्या लोकांत कुठलं एन्झाइम किती मंद, हे युरोपच्या आकड्यांवरनं ताडायची वेळ त्यामुळं हळूहळू कमी होईल.

इकडं माझ्या काउंटरवर गेल्या महिन्यात जांबोटीकडच्या एक मावशी आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्या स्ट्रिपा, मालकांना स्टेंट घातलेला, क्लोपिडोग्रेल चालू. "आणि ही पित्ताची, हीच पायजे, हीच त्यांना मानवतीय," म्हणून एक तुकडा पुढं केला. कुठल्यातरी दुकानात कात्रीनं कापून सुट्ट्या दिलेल्या दोन गोळ्यांचा तुकडा. पाठीमागच्या चांदीवर फक्त ‘प्राझोल’ एवढंच उरलेलं. कॅप्सूल असती तर ओमे म्हणून लगेच ओळखली असती, पण गोळी होती, पँटो म्हणजे पँटोप्राझोल असेल तर हरकत नाही, एसोमे म्हणजे एसोमेप्राझोल असेल तर ती ओमेचीच बहीण, या माणसाला चालणार नाही.

"चिठ्ठी आहे का मावशी?"

"चिठ्ठी मिरजेच्या फायलीत, आणि फायल लेकाकडं पुण्यात."

लेकाला फोन लावला, त्यानं संध्याकाळी फोटो पाठवला. पँटोच होती. मी अख्खी स्ट्रिप दिली, न कापता, आणि वहीच्या कडेला लिहून ठेवलं.