बैराटचे वर्तुळाकार बौद्ध मंदिर

राजस्थानातील विराटनगर ऊर्फ बैराट या गावालगतच्या ‘बीजक की पहाडी’ या टेकडीवरील मौर्यकालीन अवशेष. भारतातील स्वतंत्रपणे बांधलेल्या, म्हणजे डोंगरात न कोरलेल्या, सर्वांत जुन्या ज्ञात मंदिरांमध्ये त्याची गणना होते. तरीही गावात येणारे बरेच जण पांडवांच्या अज्ञातवासाशी जोडलेली स्थळे पाहून परततात, कारण मत्स्यराज विराटाची राजधानी हीच, अशी परंपरा आहे.

टेकडीचे ‘बीजक’ (कोरीव लेख) हे नाव येथील शिलालेखावरून पडले. १८४० मध्ये कॅप्टन बर्ट यांना सापडलेला हा अशोकाचा लेख पुढे कोलकात्यास नेण्यात आला आणि आज तो तेथील एशियाटिक सोसायटीत आहे. त्यात मगधराज प्रियदर्शी, म्हणजे अशोक, थेट भिक्षुसंघाला उद्देशून बोलतो, बुद्ध, धम्म आणि संघ यांवरील आपली श्रद्धा सांगतो आणि भिक्षू, भिक्षुणी, उपासक व उपासिका यांनी वारंवार ऐकावीत अशी सात धम्मवचने नावानिशी सुचवतो; राहुलाला केलेला उपदेश हे त्यांपैकी एक.

पुरातत्त्वज्ञ दयाराम साहनी यांनी १९३५-३६ मध्ये येथे उत्खनन केले. टेकडीवर दोन सपाट्या असून खालच्या सपाटीवर मंदिर, तर वरच्या सपाटीवर भिक्षूंच्या लहान खोल्यांचा विहार आहे. मंदिराचा आतील व्यास सुमारे ८.२ मीटर होता. त्याची भिंत सलग विटांची नव्हती. २६ अष्टकोनी लाकडी खांब आणि त्यांच्या मधोमध भरलेले विटांचे बांधकाम अशी तिची रचना होती. भोवती प्रदक्षिणापथ, प्रवेश पूर्वेकडून आणि मध्यभागी बहुधा स्तूप. लाकूड गेल्यामुळे पाहणाऱ्याला आज एकात एक बसवलेली दोन ठेंगणी कडी तेवढी दिसतात, आणि खांबांच्या जागा कळण्यासाठी आतल्या कड्याभोवती सावकाश फिरावे लागते.

नाहीसे झालेले हे लाकूडकाम डोळ्यांपुढे आणायचे तर मराठी वाचकाला फार लांब जावे लागत नाही. जुन्नरच्या तुळजा लेण्यांतील चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात, स्तूपाभोवती बारा अष्टकोनी खांब गोलाकार उभे असून वर घुमटाकार छत आहे. ते बैराटची नक्कल नव्हे, काळानेही नंतरचे आहे. पण वर्तुळाकार चैत्यगृह आतून कसे भासत असेल याचा अंदाज बैराटच्या पायापेक्षा तेथे अधिक नेमका येतो.

विहारातील एका मडक्यात ३६ चांदीची नाणी मिळाली. आठ आहत (चिन्हांचे ठसे उमटवलेली) नाणी सुती कापडात गुंडाळलेली होती; उरलेली २८ ग्रीक व हिंदी-ग्रीक राजांची असून त्यांत १६ मिनँडरची आहेत. हाच ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील राजा मिलिंद, ज्याचे नाव बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने औरंगाबादच्या महाविद्यालयाला दिले. या नाण्यांमुळे विहार मौर्यांनंतरही नांदता होता हे निश्चित होते. मंदिर मात्र आगीत नष्ट झाले. साहनी यांनी त्याचा दोष हूण राजा मिहिरकुलाला दिला. तथापि लाकडी खांबांच्या वास्तूला आग लागण्यासाठी आक्रमकच यावा लागतो असे नाही, त्यामुळे हे मत जपूनच स्वीकारावे.

जयपूर–दिल्ली मार्गावरील शाहपुऱ्याहून विराटनगरला रस्ता फुटतो. टेकडीची चढण फार मोठी नाही, पण उघड्या खडकांमुळे उन्हाळ्यात ती सकाळीच चढावी.