माजी सैनिकाच्या दिव्यांग मुलाला आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन: नाव पीपीओत (पेन्शन देण्याच्या आदेशात) कसं चढवायचं

सैनिकाच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन आधी पत्नीला मिळतं, मग 25 वर्षांखालच्या मुलांना आणि त्यानंतर दिव्यांगत्वामुळे कमवू न शकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला, तेही आयुष्यभर. दिव्यांग अपत्याचं लग्न झालं म्हणून ते बंद होत नाही. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डावर मुलाचं नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पीपीओतली नोंद वेगळी असते आणि ती वडील हयात असतानाच करून घ्यावी. नंतरही अर्ज करता येतो, पण तेव्हा हे दिव्यांगत्व आईवडील असतानाचंच आहे हे दाखवण्यासाठी जुने कागद शोधण्याची वेळ भावाबहिणीवर येते.

उत्पन्नाची अट अशी: मुलाचं इतर उत्पन्न वडिलांच्या शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के आणि त्यावरची महागाई वाढ, या रकमेपेक्षा कमी हवं. ही कसोटी 8 फेब्रुवारी 2021 पासूनची आहे. आधीच्या 9000 रुपये अधिक महागाई वाढ या मर्यादेमुळे ज्यांचा अर्ज फेटाळला गेला, त्यांनी पुन्हा अर्ज करावा. पात्र ठरल्यास लाभ 8 फेब्रुवारी 2021 पासूनच मिळतो.

जवान आणि जेसीओंचा (सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांचा) अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आपल्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. मुलाची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये (सैनिकाच्या कुटुंबाची नोंद करणाऱ्या लष्करी आदेशात) नसेल तर आधी ती करून घ्या. सुधारित पीपीओ प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून निघतो. अर्जासोबत डिस्चार्ज बुक (सैन्यातून निवृत्त होताना मिळालेलं पुस्तक), पीपीओ, मुलाचा जन्मदाखला, आधार, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं.

बहुतेक फाइली याच प्रमाणपत्रावर अडतात. नुसता ‘75 टक्के’ असा आकडा पुरत नाही. मुलाची नेमकी स्थिती, ती कायमची आहे की तात्पुरती आणि त्यामुळे तो उपजीविका करू शकत नाही, हे वैद्यकीय मंडळाने स्पष्ट लिहायला हवं. मंडळात त्या आजाराचा तज्ज्ञ हवा. दिव्यांगत्व कायमचं असेल तर प्रमाणपत्र एकदाच द्यावं लागतं, तात्पुरतं असेल तर दर 5 वर्षांनी.

दुसरी अडचण नावाची. डिस्चार्ज बुकात ‘रामचंद्र’, शाळेच्या दाखल्यावर ‘रामचंद्र विठोबा पाटील’ असं असतंच. जन्मतारीखही कधी अंदाजे टाकलेली. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जाबरोबरच जोडा, म्हणजे महिनोन्‌महिने पत्रव्यवहार होत नाही.

मुलगा मतिमंद असेल तर पैसे कोणाच्या हाती द्यायचे, ते नामांकन वडिलांनी, ते नसतील तर आईने करावं. नामांकन असेल तर कोर्टाचा पालकत्वाचा दाखला लागत नाही. दोघांनीही केलं नसेल तर स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्ट कायदा 1999 खालची, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. पेन्शन सुरू झाल्यावर नोव्हेंबरात हयातीचा दाखला आणि मूल कमवत नसल्याचं वार्षिक प्रमाणपत्र देणं पालकाचं काम.