डाळिंबाच्या खोडाला भोक: खोडकिड्याचं की पिन होल बोररचं?

डाळिंबाच्या खोडाला भोक दिसलं की बहुतेक बागांत एकच वाक्य ऐकू येतं, 'खोडकिडा लागला.' मग तार आणली जाते, औषधात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारला जातो आणि वरून चिखलानं भोक लिंपलं जातं. खोडकिड्यावर हा जुना उपाय चांगला चालतो. पण सांगोला, आटपाडी, पंढरपूर या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत ज्या बागा वाळून उपटाव्या लागल्या, त्यांतल्या पुष्कळ खोडांवरची भोकं वेगळ्याच किड्याची होती. त्याला पिन होल बोरर किंवा शॉट होल बोरर म्हणतात. चिखल-बोळ्याला तो दाद देत नाही.

फरक भोकापाशी बसलं की कळतो. खोडकिड्याचं भोक मोठं, पेन्सिल आत जाईल असं, आणि एका खोडावर एखाद-दुसरंच. त्यातून लाकडाचा जाडाभरडा भुसा आणि विष्ठा बाहेर पडते, बुंध्याशी ढीग साचतो. पिन होल बोररचं भोक टाचणीच्या डोक्याएवढं, गोल, स्वच्छ कडांचं. एक सापडलं की साल नीट निरखावी, आसपास आणखी निघतात. सुरुवात बहुधा जमिनीलगतच्या खोडावर होते, म्हणून ठिबकची नळी आणि पालापाचोळा बाजूला सारून वाकून बघावं लागतं. भुसा पिठासारखा बारीक असतो आणि पावसात धुऊन जातो, तेव्हा कोरड्या दिवशी पाहिलेलं बरं.

खोडकिड्याचा भुंगेरा सुमारे तीन सेंटिमीटर लांब, लांब मिशांचा. नुकसान त्याची अळी करते: पांढुरकी, बिनपायांची, तपकिरी डोक्याची. ती महिनोन् महिने खोड पोखरत लाकूड खाते. म्हणजे शत्रू एक, त्याचा रस्ता एक, आणि तार घालून त्याला गाठता येतं.

पिन होल बोररचं सगळंच निराळं आहे. युरोपात स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची जंगलं सुकवणारे साल-भुंगेरे याचेच भाऊबंद. पण ते सालीखालचा थर खातात, हा लाकूडही खात नाही. जेमतेम दोन मिलिमीटरची मादी खोडात बोगदा खणते आणि शरीरातल्या छोट्या पिशवीत आणलेली बुरशी त्याच्या भिंतींवर पेरते. पुढे ती आणि तिच्या अळ्या त्याच बुरशीवर जगतात. इवल्याशा जिवाची ही शेती मला कायम थक्क करते. नर मोजकेच असतात, त्यांना उडता येत नाही. बहिणी घरातच भावांशी मीलन करून बाहेर पडतात, त्यामुळे एकच मादी नव्या झाडावर नवं बिऱ्हाड थाटू शकते. खोड आडवं कापलं की बोगद्यांभोवती लाकूड तपकिरी-काळं पडलेलं दिसतं, तो त्या बुरशीचा डाग.

आता तारेचा उपाय इथं का फसतो ते बघा. एका खोडावर अनेक बारीक बोगदे, प्रत्येकाला आत वळणं, आणि अळ्या लाकूड चघळत नाहीत, त्यामुळे लाकडात मुरलेलं औषधही त्यांच्या पोटात फारसं जात नाही. मादी सालीवर उघडी असते ती भोक पाडण्याआधी, थोडाच वेळ. लेपाचा उपयोग तेवढ्यापुरता. म्हणून गेरूत शिफारशीतलं कीटकनाशक आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक कालवून बुंध्याला लावायचं ते भोकं दिसण्याआधी, आणि पावसानं धुपलं की पुन्हा. मात्रा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीनुसार आणि लेबल वाचूनच घ्यावी.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा जमिनीखाली आहे. पाणी साचून मुळं गुदमरली की झाडात अल्कोहोल तयार होतं, आणि त्याच वासावर या गटातले भुंगेरे येतात. त्यांना पकडायच्या सापळ्यांतही अल्कोहोलच ठेवतात. भारी काळी जमीन, निचरा नाही, बहार धरायला (फुलं आणायला) पाणी तोडून दिलेला जास्त ताण, विश्रांती न देता लागोपाठ बहार, मुळांवर सूत्रकृमी (डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत) किंवा मर रोगाची सेराटोसिस्टिस बुरशी: यांतल्या कशानंही झाड खचलं की ते बोररचं गिऱ्हाईक होतं. मर आणि बोरर एकाच झाडावर वारंवार सापडतात. मरची बुरशी मुळातून चढत असेल तर खोडावर कितीही लेप चढवा, झाड वाचत नाही. खोडकिड्याच्या बागेत खर्च भोकावर करावा, बोररच्या बागेत चर काढण्यावर आणि मुळांवर. दोन्ही बागांना एकच औषध विकणाऱ्या दुकानदाराचं ऐकण्याआधी एक झाड उकरून मुळं बघाच.

आणि वाळलेलं झाड उपटल्यावर त्याची लाकडं सरपणासाठी बांधावर रचून ठेवू नका. ओल असेपर्यंत बोगद्यांतली पिढी वाढत राहते आणि तिथूनच उडून शेजारच्या ओळीत येते. उपटलं त्याच दिवशी बागेबाहेर नेऊन जाळावं.