बुशचा बोअर करायला देताय? मग आधी हे वाचून घ्या

बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, आणि बोअर म्हणजे तिचं आतलं भोक. आमच्याकडं सांगलीजवळ कुपवाडला लेथच्या कामासाठी येणारं बरंच गिऱ्हाईक एकच वाक्य घेऊन येतं, "भोक आहेच की, नुसता रीमर मारून द्या, पाच मिनिटाचं काम." मारून देतो, पण रीमर हे भोक शेवटच्या मापाला आणणारं टूल, त्याचं असं आहे की तो आधीच्या भोकाच्या मागं मागं जातो, भोक तिरकं असलं तर तोही तिरकाच जाणार, सेंटर शोधणं हे त्याचं काम नाही. जॉब (काम करायचा तुकडा) लांब असला की ड्रिल आतमध्ये तिरका पळतो, त्याच भोकात रीमर घातला तर साईज बरोबर येते, फिनिशपण झकास दिसतं, आणि पंप चालू केला की शाफ्ट थरथरायला लागतो. मग शिव्या बुशवाल्याला.

म्हणून जिथं शाफ्ट फिरणार आहे तिथं आम्ही आधी सिंगल पॉइंट टूलनं, म्हणजे एकाच धारेच्या टूलनं, बोरिंग करतो (भोक आतनं कापून मोठं करतो), त्यानं भोक सेंटरला येतं. जॉब फोर जॉ चकमध्ये (चार जबड्यांची पकड, प्रत्येक जबडा वेगळा सरकतो) धरून डायल (काट्याचं मापयंत्र) लावायची आणि एकेक जॉ सैल-घट्ट करत काटा स्थिर करायचा, यातच निम्मा वेळ जातो. डायल ०.१० मिमी दाखवत असेल तर सेंटर ०.०५ नं सरकलेलं असतं, काटा दुप्पट दाखवतो. तिन्ही जबडे एकदम सरकणाऱ्या थ्री जॉमध्ये धरलं तर काम पटकन होतं हे खरं, पण जुन्या चकचा भरवसा आम्ही धरत नाही. बोरिंग बार, म्हणजे टूलचा दांडा, त्याच्या जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढला की चॅटर येतं (टूल थरथरतं), त्यामुळं खोल बोअरला जाड बार लागतो आणि लांब जॉबला स्टेडी, म्हणजे आधार.

मग शेवटी रीमरसाठी ०.२ मिमीच्या आसपास माल ठेवायचा, स्पीड कमी, आणि रीमर बाहेर काढतानासुद्धा चक सुलटाच फिरवायचा, उलटा फिरवला की धार गेली. टेलस्टॉक (लेथचं मागचं टोक, ज्यात रीमर धरतो) जरा जरी बाजूला असला तर भोकाचं तोंड मोठं होतं, तिथं रीमरला थोडं हलू देणारा फ्लोटिंग होल्डर वापरतो.

५० मिमीच्या बोअरला एच७ (मापातल्या सुटीचा ठरलेला दर्जा) म्हणजे शून्य ते २५ मायक्रॉनची सूट, हजार मायक्रॉन म्हणजे १ मिमी. स्टीलचा जॉब १० डिग्रीनं गरम असला तरी जवळपास ६ मायक्रॉन तिथंच जातात, तेव्हा गार व्हायच्या आत "द्या लवकर" म्हणून घाई करू नका.

गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) बुश हाऊसिंगमध्ये, म्हणजे तो बसतो त्या भागात, दाबला की आतनं आवळतो, म्हणून फायनल साईज दाबल्यावरच करायची. नुसता बुश घेऊन येऊ नका, हाऊसिंग आणि शाफ्ट दोन्ही आणा. जुन्या बुशवरनं माप मिळत नाही, तो झिजलाय म्हणूनच तर बदलताय ना!

ट्रॉलीच्या पिनला, गेटच्या बिजागरीला हे काही लागत नाही, तिथं साधं ड्रिलचं भोक चालतं, उगाच पैसे घालवू नका. आणि गाळप सुरू व्हायच्या तोंडाला कारखान्यांच्या कामाची रांग लागते, त्यामुळं पंपाची कामं जरा आधीच आणून टाका.