शुद्धिहारक वायुमापक उपकरणांचा सुरक्षित वापर

रुग्णाला भूल दिली असताना त्याच्या श्वासातील ऑक्सिजन, कार्बन डाय-ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि बाष्पनशील शुद्धिहारक द्रव्ये (वाफेच्या रूपात हुंगवून भूल देणारी द्रव्ये) यांचे प्रमाण सतत मोजून दाखविणाऱ्या उपकरणांना शुद्धिहारक वायुमापक म्हणतात.

वायूने किती अवरक्त (इन्फ्रारेड) किरण शोषले यावरून त्याचे प्रमाण मोजण्याच्या तंत्राचा आरंभ कोठून मानावा याविषयी लेखकांत एकमत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड अवरक्त किरण शोषतो, हे भौतिकीविज्ञ जॉन टिंडल यांनी साधारणपणे १८५९ पासून पुढील काही वर्षांत प्रयोगांनी दाखविले आणि काहीजण आरंभ तेथेच धरतात. परंतु एकाच वायूला प्रतिसाद देणारा अवरक्त विश्लेषक जर्मन संशोधक कार्ल लुफ्ट यांच्या कामातून १९३० च्या दशकाची अखेर ते १९४३ या काळात आकाराला आला. त्यामुळे वैद्यकीय उपकरणाचा विचार करताना लुफ्ट यांच्यापासून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. शस्त्रक्रियागृहातील नित्य वापर मात्र १९७० च्या दशकानंतरचा आहे.

कार्बन डाय-ऑक्साइडाचे शोषण सुमारे ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीला, तर नायट्रस ऑक्साइडाचे जवळच, सुमारे ४.५ मायक्रोमीटरला होते. शिवाय नायट्रस ऑक्साइडाच्या सान्निध्यात कार्बन डाय-ऑक्साइडाचा शोषणपट्टा रुंदावतो, म्हणून उपकरणाला ही दुरुस्ती करावी लागते. बाष्पनशील द्रव्यांसाठी जुनी उपकरणे ३.३ मायक्रोमीटरचा उपयोग करीत. तेथे सर्वच द्रव्ये शोषण करीत असल्याने कोणते द्रव्य वापरले आहे हे उपकरणाला कळत नसे, ते वापरणाऱ्याने सांगावे लागे. मद्यार्काची वाफ किंवा आतड्यातून आलेला मिथेन यांमुळेही आकडा फुगे. हा दोष किरकोळ नव्हे. हॅलोथेनाची किमान परिणामकारक संहती (भुलीसाठी लागणारे किमान प्रमाण) सुमारे ०.७५ टक्के, सेव्होफ्ल्युरेनाची सुमारे २ आणि डेसफ्ल्युरेनाची सुमारे ६ टक्के असल्यामुळे तोच २ टक्के हा आकडा एका द्रव्याच्या बाबतीत अतिमात्रा ठरतो, तर दुसऱ्याच्या बाबतीत अपुरी भूल. ८ ते १३ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात अनेक तरंगलांबींवर मापन करणारी नवी उपकरणे द्रव्य स्वतः ओळखतात. ऑक्सिजन अवरक्त किरण शोषत नाही. तो समचुंबकीय गुणधर्मावरून (चुंबकीय क्षेत्राकडे ओढले जाण्याच्या गुणावरून) किंवा विद्युत्‌रासायनिक घटाने मोजतात. असा घट कालांतराने झिजतो व बदलावा लागतो.

वापरापूर्वी उपकरण तापू द्यावे, शून्यांकन (वायू नसताना आकडा शून्य येतो का) व अंशन (ज्ञात प्रमाणाच्या वायूशी आकडा जुळतो का) तपासावे आणि ऑक्सिजनाच्या खालच्या मर्यादेचा इशारा कधीही बंद ठेवू नये. नमुना ओढणारी उपकरणे मिनिटाला साधारण ५० ते २५० मिलिलिटर वायू घेतात. तान्ह्या मुलांत हे प्रमाण नगण्य नसते. जलसापळा (नमुन्यातील पाणी अडविणारी कुपी) भरल्यास नमुन्याचा प्रवाह अडतो, तर नमुन्याची नळी सैल असल्यास खोलीतील हवा मिसळून आकडे खोटे कमी दिसतात. श्वासनलिकेत नळी घातल्यावर कार्बन डाय-ऑक्साइडाची लहर उमटली नाही, तर उपकरणाला दोष देण्याआधी नळी अन्ननलिकेत गेली आहे असेच गृहीत धरावे.

उपकरणातून बाहेर पडणारा वायू शोषणव्यवस्थेला (टाकाऊ वायू ओढून बाहेर नेणाऱ्या व्यवस्थेला) जोडावा. तो श्वासपरिपथात (रुग्ण ज्यातून श्वास घेतो त्या नळ्यांच्या जोडणीत) परत सोडायचा असल्यास काही समचुंबकीय उपकरणे त्यात संदर्भासाठी घेतलेली हवा मिसळतात, हे ध्यानात ठेवावे. ताजा वायू थोडाच सोडून दिलेल्या, कमी प्रवाहाच्या भुलीत त्यामुळे परिपथात नायट्रोजन साठत जातो.