निवडणुकीतील परकीय हस्तक्षेपाचा वाद

निवडणुकीतील परकीय हस्तक्षेपाचा वाद : एखाद्या देशाच्या राष्ट्रीय निवडणुकीत दुसऱ्या देशाच्या सरकारने, त्याच्या हेरखात्याने किंवा त्यांच्या वतीने वावरणाऱ्या संस्थेने पैसा, प्रचार, बनावट कागदपत्रे वा धमकी यांच्या जोरावर मतदारांचा कौल वळवू पाहिला, असा आरोप आणि त्यावर संसदेत, न्यायालयांत, वृत्तपत्रांत व जाहीर सभांत झडणारी चर्चा. या आरोपात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. हस्तक्षेप झाला का, देशातले कोणी त्यात जाणूनबुजून सामील होते का, आणि त्यामुळे निकाल बदलला का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले म्हणून उरलेल्या दोहोंचे तेच येईल असे नाही. बहुतेक वाद भरकटतात ते इथेच.

या वादाचा आरंभ कोठे मानावा याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. काही जण पोलंडमधील राजाच्या निवडणुकांपर्यंत मागे जातात. तेथे राजा सरदारवर्गाच्या मतांनी निवडला जाई आणि फ्रान्स, ऑस्ट्रिया, रशिया हे देश आपापला उमेदवार पुढे करीत. १७३३ च्या निवडणुकीनंतर तर रशियन फौजाच पोलंडमध्ये उतरल्या. मात्र त्या मतदानात सामान्य प्रजेला स्थान नव्हते, त्यामुळे आजच्या अर्थाने त्याला राष्ट्रीय निवडणूक म्हणणे कठीण आहे. दुसरा पक्ष १७९६ ची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक दाखवतो. फ्रान्सचे तेथील प्रतिनिधी प्येर आदे यांनी जेफरसन यांच्या बाजूने उघड प्रचार केला होता, आणि त्याच वर्षी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी निरोपाच्या पत्रात परकीय प्रभावाच्या धोक्याविषयी देशवासीयांना सावध केले होते. परंतु आदे यांनी जे केले ते लपवून केले नव्हते. ते झाले की नाही, याबद्दल वाद होण्याचे कारणच नव्हते.

ज्या वादात पुराव्याचा खरेपणाच पणाला लागतो, त्याचे पहिले ठळक उदाहरण म्हणून ब्रिटनमधील १९२४ चे झिनोव्हिएव्ह पत्र धरणे अधिक योग्य वाटते. मॉस्कोतील ‘कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीय’ या जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेचे अध्यक्ष झिनोव्हिएव्ह यांनी ब्रिटिश कम्युनिस्टांना उठावाच्या तयारीची सूचना देणारे पत्र लिहिल्याचे वृत्त ‘डेली मेल’ने २५ ऑक्टोबर १९२४ रोजी छापले. मतदान चारच दिवसांवर, २९ ऑक्टोबरला होते. मजूर पक्षाचे सरकार गेले आणि पत्रामुळेच गेले, असे पक्षाचे कार्यकर्ते पुढे कित्येक वर्षे सांगत राहिले. आकडे मात्र इतके सरळ नाहीत. मजूर पक्षाच्या जागा १९१ वरून १५१ वर आल्या, पण त्याला मिळालेली एकूण मते सुमारे दहा लाखांनी वाढली होती. कोसळला तो उदारमतवादी पक्ष. ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या इतिहासकार गिल बेनेट यांनी १९९९ मध्ये खात्याचे दप्तर तपासून पत्र बनावट असल्याचा निष्कर्ष काढला. ते बहुधा रशियातून परागंदा झालेल्या बोल्शेव्हिकविरोधकांनी रचले आणि ब्रिटिश गुप्तचर वर्तुळातील कोणाकडून तरी बाहेर फुटले. म्हणजे रशियावरचा आरोप खोटा होता आणि हस्तक्षेप घडला तो त्या आरोपाच्याच रूपाने. हे कळायला पंचाहत्तर वर्षे लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रकार महासत्तांच्या नित्याच्या धोरणाचा भाग झाला. एप्रिल १९४८ मध्ये इटलीत अमेरिकेने ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला गुप्तपणे पैसा पुरवला, तर कम्युनिस्टांना मॉस्कोची मदत होती. १९६४ च्या चिलीतील निवडणुकीत अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएने ओतलेल्या पैशाची कबुली १९७५ मध्ये अमेरिकी सिनेटच्याच चौकशीत पुढे आली. अभ्यासक डोव्ह लेव्हिन यांच्या गणतीनुसार १९४६ ते २००० या काळात अमेरिका व सोव्हिएत संघ-रशिया यांनी मिळून ११७ निवडणुकांत एका बाजूने हात घातला. त्यांपैकी ८१ वेळा अमेरिकेने, तर ३६ वेळा सोव्हिएत-रशियाने. उघडकीस आलेलेच प्रसंग या गणतीत येऊ शकतात, हा आक्षेप रास्त आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्यात याची व्याख्या अपुरी आहे. निकाराग्वा विरुद्ध अमेरिका या खटल्यात (२७ जून १९८६) आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निषिद्ध हस्तक्षेपाचे सार ‘जबरदस्ती’ हे मानले. मतदाराच्या हातातल्या फोनवर येणारा खोटा मजकूर जबरदस्तीत मोडतो का, यावर कायदेपंडितांत दोन तट आहेत. आपल्या मजकुराचा कर्ता लपवणे हीच मतदाराच्या निर्णयस्वातंत्र्याची फसवणूक होय, हे मत अलीकडे बळावत आहे आणि ते पटण्याजोगे आहे.

भारतात हा वाद खऱ्या अर्थाने पेटला तो फेब्रुवारी १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर. मतदानाच्याच सुमारास अमेरिकेत सीआयए विद्यार्थी संघटनांना पैसा पुरवत असल्याचे उघड झाले होते, त्यामुळे भारतीय पक्षांनाही निवडणुकीसाठी परकीय पैसा मिळाल्याच्या संशयाला निमित्त मिळाले. केंद्रीय गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. गुप्तवार्ता विभागाकडून चौकशी झाली, तिच्या अहवालातला काही भाग जून १९६७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आला आणि लोकसभेत गदारोळ उडाला. अहवाल सभागृहासमोर ठेवा, या मागणीला चव्हाणांनी नकार दिला. त्यांच्या नकाराचे दोन अर्थ लावले जातात. एका मते, कच्च्या गुप्त माहितीवरून पक्षांची व व्यक्तींची बदनामी होऊ नये ही त्यांची भूमिका होती. दुसऱ्या मते, एकाच नव्हे तर अनेक पक्षांना झळ पोचली असती. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. परिणाम एवढाच झाला की, परकीय पैशावर पुढे जी चर्चा झाली ती मूळ कागदाविना झाली, आणि त्याचे नुकसान मतदाराला सोसावे लागले. चव्हाण १९३८ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून इतिहास व राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झाले होते. त्यामुळे या प्रकरणाचा उल्लेख कोल्हापुरात काहीशा आपलेपणाने होतो.

पुढच्या दशकात इंदिरा गांधींच्या भाषणांतून ‘परकीय हात’ हा शब्दप्रयोग घरोघरी पोचला. स्वतंत्र पक्षाचे पिलू मोदी ‘मी सीआयएचा हस्तक आहे’ अशी पाटी छातीवर लावून संसदेत आले, ते याच वातावरणात. अमेरिकेचे भारतातील माजी राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी १९७८ मध्ये लिहिले की, केरळ व पश्चिम बंगालमध्ये कम्युनिस्टांना रोखण्यासाठी सीआयएने काँग्रेसला दोनदा पैसा दिला होता. उलट दिशेने, सोव्हिएत हेरखात्यातून फुटलेल्या मित्रोखिन यांच्या टिपणांवर आधारित ग्रंथात (२००५) मॉस्कोच्या पैशाचे दावे आहेत. काँग्रेसने दोन्ही नाकारले. मॉयनिहन पदावरून उतरलेले होते, तर मित्रोखिन यांची टिपणे मूळ दस्तऐवज नसून हाताने उतरवलेल्या नकला आहेत. दोन्ही साक्षी तेवढ्याच जपून वापरायला हव्यात.

कायद्याची बाजू अधिक तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण सभांतून तिचा उल्लेख क्वचितच होतो. परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम आणीबाणीत, १९७६ मध्ये आला. त्याने उमेदवार, लोकप्रतिनिधी व राजकीय पक्ष यांना परकीय स्रोताकडून पैसा घेण्यास मनाई केली. त्याची जागा २०१० च्या अधिनियमाने घेतली. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम २९-ख हेही पक्षांना तीच मनाई करते. प्रश्न उरतो ‘परकीय स्रोत’ कोणता हा. निम्म्याहून अधिक भागभांडवल परदेशी हाती असलेली कंपनी भारतात नोंदलेली असली तरी परकीयच, असा मूळ नियम होता. त्यावरच बोट ठेवून दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०१४ रोजी काँग्रेस व भाजप या दोन्ही पक्षांनी वेदांत समूहातील कंपन्यांकडून देणग्या घेऊन कायदा मोडल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०१६ च्या वित्त अधिनियमाने व्याख्याच सैल केली : परकीय गुंतवणुकीच्या ठरलेल्या मर्यादेत बसणारी कंपनी परकीय राहिली नाही. हा बदल २०१० पासून लागू धरला गेला. तेवढ्याने जुन्या देणग्या झाकल्या जात नव्हत्या. म्हणून २०१८ च्या वित्त विधेयकात तो ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेण्यात आला. लोकसभेने ते विधेयक चर्चेविना मंजूर केले. परकीय पैशावर गळा काढून बोलणाऱ्या दोन्ही बाजूंनी या दुरुस्तीवर अवाक्षर काढू नये, ही गंभीर बाब आहे.

भारतीय पारपत्र असलेला परदेशस्थ नागरिक कायद्याने परकीय स्रोत नव्हे. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला मात्र परकीय ठरतो. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या घरातला अमेरिकावासी मुलगा पूर्वीच्याच पारपत्रावर राहत असेल तर पक्षाला देणगी देऊ शकतो. त्याचाच तिकडचा नागरिक झालेला भाऊ देऊ शकत नाही.

कोल्हापुरात हा विषय बोलला जातो तो स्थानिक राजकारणाच्या भाषेत. साखर कारखाना असो वा जिल्हा दूध संघ, प्रत्येक निवडणुकीत ‘रसद कुठून आली’ हा पहिला प्रश्न. शेवटच्या दोन रात्रींतल्या ‘जोडण्या’ आणि मागच्या वेळच्या मदतीचा ‘पैरा’ फेडणे, हे शब्द तालमीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे परक्या सरकारने एखाद्या पक्षाला रसद पुरवली, हे इथल्या श्रोत्याला समजावून सांगावे लागत नाही. समजावावे लागते ते हे की, रसद पोचली म्हणजे मत पोचले असे नाही. पैसे एकाचे घेऊन मत दुसऱ्याला दिल्याची उदाहरणे प्रत्येक पेठेत सापडतात, आणि चर्चेत तीच सर्वांत नेमकी साक्ष ठरते.

जाहीर वादाची जागा म्हणून बिंदू चौकाचे नाव सर्वतोमुखी आहे. जुन्या तटबंदीलगत, कारागृहाशेजारचा हा चौक. येथे महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी, आंबेडकर हयात असताना, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने उभे राहिले. ‘पुरावे घेऊन बिंदू चौकात या’ हे इथल्या पुढाऱ्यांचे परस्परांना नेहमीचे आव्हान. प्रत्यक्षात दोन्ही बाजू एकाच वेळी समोरासमोर येण्याचे प्रसंग थोडे, तरीही या आव्हानात एक महत्त्वाचा दंडक आहे : आरोप करणाऱ्याने कागद घेऊन यावे. महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत ‘या सभागृहाचे असे मत आहे की’ या ठरावाच्या चौकटीत हाच विषय येतो, तेव्हा अनुकूल बाजूचा वक्ता बहुधा १९६७ चे वा अमेरिकेतील २०१६ च्या निवडणुकीचे दाखले देतो. प्रतिकूल बाजू निकालावरच्या परिणामाचा पुरावा मागते आणि घंटा होईपर्यंत दोघेही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत राहतात. परीक्षकांनी ठराव बांधतानाच तीनपैकी कोणता प्रश्न चर्चेला आहे हे ठरवले, तर विद्यार्थ्यांचे श्रम सार्थकी लागतील.

२०१६ च्या अमेरिकी निवडणुकीने या वादाला जगभर नवी धार दिली. या प्रकरणाचे विशेष तपास अधिकारी रॉबर्ट मुलर यांच्या अहवालाने (२०१९) रशियाचा हस्तक्षेप व्यापक व पद्धतशीर होता असे म्हटले, ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेशी कट सिद्ध झाला नाही असेही म्हटले. निकालावर परिणाम किती झाला, याचे मूल्यमापन अमेरिकी गुप्तचर संस्थांनी जानेवारी २०१७ च्या अहवालात मुद्दाम केले नव्हते. रुमानियाच्या घटना न्यायालयाने ६ डिसेंबर २०२४ रोजी पहिली फेरी झाल्यानंतर अध्यक्षीय निवडणुकीची सारी प्रक्रियाच रद्द केली.

भारताच्या २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अमेरिका ढवळाढवळ करत असल्याचा आरोप रशियाच्या परराष्ट्र खात्याने केला व अमेरिकेने तो फेटाळला. त्याच वर्षी मे महिन्यात, एका इस्रायली कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला भारतीय निवडणुकीवरचा मजकूर वेळीच रोखल्याचे ओपनएआयने जाहीर केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतातील मतदान वाढवण्यासाठी अमेरिकेने २ कोटी १० लाख डॉलर ठेवल्याचे वॉशिंग्टनहून सांगण्यात आले आणि देशात आरोप-प्रत्यारोपांची राळ उठली. ती रक्कम बांगलादेशासाठी होती, असे ‘इंडियन एक्सप्रेस’ने कागदपत्रांच्या आधारे दाखवले. २०१४ ते २०२४ या काळात असा कोणताही निधी भारतासाठी आला वा दिला गेला नाही, ही अमेरिकी दूतावासाने दिलेली माहिती परराष्ट्र मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यसभेत लेखी उत्तरात नोंदवली.