एक बार, सहा-सात सेकंद: फ्लेअर लाँचर असा का झाला त्याची पार्श्वभूमी

मागच्या गुरुवारी भोसरीत मित्राच्या शेडवर बसलो होतो. गुरुवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी, मशीन सगळी बंद, चहा आणि टाइमपास चालू. माझा मामेभाऊ मर्चंट नेव्हीत आहे, तो सुट्टीवर आलेला, त्याने मोबाईलवर एक रिव्ह्यूचा व्हिडिओ लावला. एक माणूस भडक केशरी रंगाचं प्लॅस्टिकचं फ्लेअर पिस्तूल (समुद्रात अडकल्यावर आकाशात जळता तारा सोडून मदत मागायचं) घेतो, नळी खाली मोडतो, एक काडतूस सरकवतो, खट्कन बंद करतो, हात वर करतो आणि फट्ट. लाल तारा वर गेला आणि विझला. संपला व्हिडिओ.

शेडवाला मित्र आयुष्यभर टर्निंग आणि बोअरिंग करत आलाय, तो लगेच म्हणाला "अरे ह्या बिजागरीत केवढा प्ले आहे बघ, किती ढिली आहे, आणि प्लॅस्टिकची बॅरल? मी तर हे पोरांना खेळायलासुद्धा देणार नाही." मामेभाऊ म्हणे फिनिश गेलं खड्ड्यात, ओल्या हाताने अंधारात पहिल्या फटक्यात उडतं का तेवढं बोल. दोघं जाम भांडले. मला वाटलं दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ही वस्तू कुठून आली ते दोघांनाही नीट माहीत नाही, मग घरी येऊन वाचत बसलो, ते हे.

पुण्यात बसून लिहायचं तर सिंहगडापासूनच सुरू करावं लागतं, इलाज नाही. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांच्या लोकांनी गड घेतला आणि वर घोड्यांच्या पागा होत्या त्यांना आग लावली, तो उजेड महाराजांनी राजगडावरून बघितला, असं बखरीत येतं. त्याआधी १६६० ला घोडखिंडीत बाजीप्रभू लढत होते ते विशाळगडावरून तोफांचे बार ऐकू येईपर्यंत. दोन्हीकडे एकच गोष्ट आहे बघा, इशारत आधी ठरलेली, अर्थ एकच, आणि चुकली तर दुसरा चान्स नाही. आग लागली म्हणजे गड आला, बस. किती लोक मेले, रसद पाठवा की नको, हे आगीतून कळत नाही.

पुढची दोनशे वर्षं जगभरच्या आरमारांची धडपड ह्याच एका गोष्टीसाठी होती, की उजेडातून नुसती हाक नको, वाक्य बोलता आलं पाहिजे. दिवसा झेंडे होते, रात्री काय? इथे जी बाई येते ती मला ह्या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडली. मार्था कॉस्टन, अमेरिकेतली. नवरा वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डात संशोधन करायचा, १८४८ ला वारला, ही तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेली, पदरी लहान पोरं. त्याच्या कागदांमध्ये तिला रंगीत दिव्यांच्या इशाऱ्यांची अर्धवट कल्पना सापडली. नुसती कल्पना हां, दारूचं मिश्रण कुठलंच धड चालत नव्हतं. तिने दहा वर्षं घातली. आतषबाजीवाल्यांना पत्रं लिहायची ती पुरुषाच्या नावाने, कारण बाईचं पत्र म्हटल्यावर कोण उत्तर देणार. पांढरा आणि लाल जमला, तिसरा रंग अडला. तिला निळा हवा होता म्हणजे लाल-पांढरा-निळा असा त्यांच्या झेंड्याचा सेट झाला असता. १८५८ ला अटलांटिकखालून तारेची केबल पडली म्हणून न्यूयॉर्कमध्ये आतषबाजी झाली, ती बघून तिने पुन्हा उचल खाल्ली, पण १८५९ च्या पेटंटमध्ये शेवटी रंग आले पांढरा, लाल आणि हिरवा.

निळा का जमत नाही हे आपल्याकडे दिवाळीत सुद्धा दिसतं, नीट बघितलं तर. लाल स्ट्राँशियमचा, हिरवा बेरियमचा, हे दोघं चांगल्या गरम ज्वाळेत पण टिकतात. निळा तांब्यापासून येतो आणि ज्वाळा जरा जास्त तापली की तो रंग देणारं संयुगच फुटतं. म्हणजे निळा हवा तर ज्वाळा थंड ठेवा, आणि थंड ठेवली की उजेड कमी. ज्या इशाऱ्याचं कामच लांबून दिसणं आहे त्याला हे परवडत नाही. आमच्या गल्लीतला निळा अनार पण गच्चीवरून छान आणि चौकातून फिक्काच दिसतो.

तर ते १८५९ चं पेटंट तिने नवऱ्याच्या नावावर काढलं, स्वतःच्या नावावर पुढचं काढलं १८७१ ला, त्यात हातातला फ्लेअर पिळून पेटवायची सोय होती. यादवी युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकन सरकारने हक्क विकत घेतले २०,००० डॉलरला, तिने मागितले होते ४०,०००. अर्ध्यात गुंडाळलं म्हणा ना.

पण कॉस्टनचे दिवे हातात धरून जाळायचे. जहाजाच्या डेकवरून हातात धरलेला उजेड किती लांब जाणार, मधे शिडं, डोलकाठ्या, लाटा. १८७७ च्या सुमारास अमेरिकन नेव्हीतलाच एडवर्ड व्हेरी नावाचा लेफ्टनंट आला आणि त्याने ती गोष्ट पिस्तुलात घातली. आखूड जाड नळी, मागून काडतूस भरायचं, एका वेळी एकच. लाल आणि हिरवे तारे ठरलेल्या क्रमाने सोडायचे आणि त्यातून आकडे वाचायचे. त्याचंच नाव पुढे जगभर चिकटलं, फौजेतले जुने लोक अजून 'व्हेरी लाइट पिस्तूल' म्हणतात ते ह्याच्यावरून.

मित्राला हे सांगितल्यावर त्याचा पहिला प्रश्न, एकच का? मॅगझिन का नाही लावलं? ह्याचं उत्तर काडतुसातच आहे. फ्लेअरचं काडतूस बंदुकीच्या गोळीसारखं नसतं, ते जाडजूड असतं, युरोपात २६.५ मिलिमीटर रूढ झालं, ब्रिटिशांकडे एक इंच आणि दीड इंच. त्यातला बराचसा भाग म्हणजे दाबून बसवलेली जळायची दारू, उडवायची दारू चिमूटभर. मधे विलंब लागला तर चालतो, पण चुकीचा रंग गेला तर चालत नाही, म्हणून हाताने बघून एकेक भरणं हेच बरं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन काडतुसांच्या कडेला वेगवेगळ्या खाचा असायच्या, रंग अंधारात बोटांनी चाचपून कळावा म्हणून. बिल्ड क्वालिटी म्हणतात ती खरं तर हीच, पण व्हिडिओत कोण दाखवतंय.

आता टायटॅनिक, कारण त्याच्याशिवाय आजचा लाल रंग कळत नाही. १४-१५ एप्रिल १९१२ ची रात्र. टायटॅनिकने आठ की काय रॉकेट उडवली, काही मिनिटांच्या अंतराने एकेक, कठड्यावरच्या सॉकेटमधून, आणि ती पांढरी होती. जवळच कॅलिफोर्नियन नावाचं जहाज उभं होतं, त्यावरच्या लोकांनी ती बघितली. बघितली हां. कॅप्टनला सांगितलं पण. तरी जहाज जागचं हललं नाही. त्यावर शंभर वर्षं वाद चालू आहे, कोण दोषी वगैरे, त्यात मी पडत नाही. पण तेव्हाचा नियम काय होता? संकटाची खूण म्हणजे थोड्या थोड्या वेळाने एकेक सोडलेली रॉकेट, तारे कुठल्याही रंगाचे चालतील. आणि त्या काळात जहाज कंपन्या एकमेकींना ओळख पटवायला पण रंगीत दिवे आणि रॉकेट वापरायच्या. म्हणजे भाषेत शब्द इतके झाले की 'वाचवा' हा शब्द वेगळा ऐकूच येईना.

आजच्या नियमात तारा लाल, पॅराशूट फ्लेअर लाल, हातातला फ्लेअर लाल, दिवसाचा धूर केशरी. विषय संपला. मला तर वाटतं फ्लेअरच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं सुधारणेचं काम कुठल्या वर्कशॉपमध्ये नाही, 'लाल' ह्या एका शब्दात झालं.

मधल्या महायुद्धांबद्दल फार लिहीत नाही, तो मोठा विषय आहे. पहिल्या युद्धात खंदकातून तोफखान्याला मदत मागायला हेच पिस्तूल, रंग सारखे बदलायचे म्हणजे शत्रूने नक्कल करू नये. वेब्ली अँड स्कॉट ह्या ब्रिटिश कंपनीची त्या काळातली पिस्तुलं पितळी नळीची, जड, देखणी, खाऱ्या हवेत गंजत नाहीत, मित्राच्या डोळ्यात पाणी यावं अशी. जर्मन वॉल्थर कंपनीने पुढे ॲल्युमिनियममध्ये काढली आणि युद्ध लांबल्यावर १९४२ चं मॉडेल चक्क पत्रा प्रेस करून. जर्मनांनी तर ह्याच पिस्तुलातून लहान ग्रेनेड पण उडवले. आणि विमानतळावरून लाल फ्लेअर सुटला की वैमानिकाने समजायचं, आधी काय सांगितलं असेल ते असो, आत्ता उतरू नकोस.

मग रेडिओ सगळीकडे पोचला, बोलायचं काम त्याने घेतलं. फ्लेअरकडे उरलं पुन्हा एकच वाक्य, सिंहगडावरच्या आगीसारखं. आणि ते एक वाक्य बोलायला पितळ कशाला? छोट्या होड्यांसाठी अमेरिकेत १२ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) प्लॅस्टिकची लाँचर निघाली ती ह्या हिशोबाने. आतला दाब कमी, नळीला फक्त तारा बाहेर ढकलायचाय. गंजत नाही, स्वस्त आहे म्हणून होडीवर खरंच ठेवलं जातं, आणि केशरी रंगामुळे पटकन दिसतं. मित्राचा प्ले बरोबर दिसला होता, पण त्या दाबाला तेवढा प्ले चालतो. जे अजिबात चालत नाही ते म्हणजे माप जुळतंय म्हणून त्यात बंदुकीचं १२ बोअरचं काडतूस घालणं, दाब कितीतरी पट, नळी हातात फुटते.

परफॉर्मन्सचा हिशोब मात्र मला फार मजेशीर वाटला. डोळा पाण्यापासून २ मीटरवर असेल तर क्षितिज साधारण ५ किलोमीटरवर. तारा १५० मीटर वर गेला तर नुसत्या पृथ्वीच्या गोलाईच्या हिशोबाने तो ४८-४९ किलोमीटरपर्यंत दिसू शकतो, ३०० मीटर गेला तर ६७ च्या आसपास. धुकं, ढग, बघणारा झोपलाय का हे वेगळं. आता १५० मीटर चढायला, हवेचा अडथळा सोडला तर, साडेपाच सेकंद लागतात, आणि ह्या छोट्या लाँचरचा तारा जळतो ६-७ सेकंद. म्हणजे चढतो, टोकाला जातो, वळतो न वळतो तोच विझतो. लोक रिव्ह्यूमध्ये म्हणतात लवकर विझतो, बेकार आहे. अरे तो जास्त जळला तर जळता खाली येईल, तुझ्याच होडीवर. जास्त वेळ उजेड हवा तर छत्री लावावी लागते, म्हणून मोठ्या जहाजांच्या पॅराशूट फ्लेअरला नियम असा आहे की किमान ३०० मीटर उंची, ३०,००० कँडेला (उजेड किती प्रखर ते मोजायचं एकक) उजेड, ४० सेकंद जळणं, आणि खाली येण्याचा वेग सेकंदाला ५ मीटरच्या आत. ५ गुणिले ४० म्हणजे २०० मीटर, तेव्हा विझताना तो अजून १०० मीटर वरच असतो. कुणीतरी नीट बसून काढलेले आकडे आहेत.

मामेभावाच्या जहाजावर अशी १२ असतात, पण त्याने आयुष्यात फ्लेअर पिस्तूल हातात धरलेलं नाही! कारण तिथे पेटवायची सोय फ्लेअरच्या आतच असावी लागते, पिस्तूल वेगळं आणि काडतूस वेगळं ही भानगडच नाही, दोरी ओढा नाहीतर बूड फिरवा. एक गोष्ट हरवली तर दुसरी निकामी, हे पिस्तुलाचं जुनं दुखणं त्यांनी असं काढून टाकलं. हे ऐकल्यावर मित्र एवढा खूश झाला की विचारू नका, "म्हणजे तू पण व्हिडिओ बघूनच बोलत होतास!"

आणि पुण्याचा संबंध नुसता सिंहगडाचा नाही. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची, म्हणजे कॉस्टनबाईंचं पेटंट आणि व्हेरीचं पिस्तूल ह्यांच्या मधली. देहूरोडच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत उजेडाची, धुराची, इशाऱ्याची दारू बनते, आणि पाषाणजवळ सुतारवाडीला एचईएमआरएल, जिथे स्फोटकं आणि पायरोटेक्निकवर संशोधन चालतं. आपण त्या कंपाउंडच्या भिंतीशेजारून रोज बस पकडायला जातो आणि आत काय शिजतंय ते कधी डोक्यात येत नाही. दारूचं खरं दुखणं तिथल्या माणसाला विचारलं तर तो नळीबद्दल बोलणारच नाही, दमटपणाबद्दल बोलेल. त्या दारूतल्या मॅग्नेशियमला ओल लागली की ते हळूहळू आतल्या आत खराब होतं, बाहेरून काडतूस नवंकोरं. म्हणूनच त्यावर तारीख असते, अमेरिकेत होडीवरच्या फ्लेअरला बनल्यापासून ४२ महिने धरतात. पिस्तूल वीस वर्षं टिकेल, काडतूस नाही, आणि रिव्ह्यू सगळे पिस्तुलाचे.

ट्रेकवाले विचारतात म्हणून एवढंच, सह्याद्रीत हे न्यायचा विचार नको. दिवाळीनंतर गवत वाळलेलं असतं, एक जळता तारा पडला की अख्ख्या डोंगराला वणवा. शिवाय १९५९ च्या आर्म्स ॲक्टमधली फायरआर्मची व्याख्या इतकी रुंद आहे, स्फोटकाच्या जोरावर काहीही फेकणारं हत्यार, की सॅकमध्ये हे सापडल्यावर चौकीत व्हेरीसाहेबांचा इतिहास सांगत बसावं लागेल. शिट्टी आणि टॉर्च न्या.

मित्राने परत व्हिडिओ लावला, ह्या वेळी बिजागरी सोडून काडतुसाचं बूड झूम करून बघितलं, तारीख दिसते का म्हणून. दिसली नाही. रिव्ह्यू करणाऱ्याचा अंगठाच त्यावर होता.